मेला का एकदाचा?

आमच्याकडे 'डाय हार्ड'ची एक व्हिडिओ कॅसेट होती. कुणाकडून तरी उतरवून घेतलेली, पाठीवर निळ्या बॉलपेनने नाव लिहिलेलं, तेही चुकीचं. बाकी सगळा सिनेमा ती मुकाट्याने दाखवायची, पण शेवट जवळ आला की पडद्याच्या तळातून पांढऱ्या रेघा वर सरकायला लागायच्या. माणसांचे चेहरे मधोमध कापले जायचे, आवाजाला घरघर लागायची. रेघा आल्या की समजायचं, खलनायक हान्स ग्रूबरची वेळ भरली.

ही दादाची करणी. ग्रूबर खिडकीतून सुटतो तो नेमका क्षण त्याला पकडायचा होता. रिमोट हातात घेऊन तो दबा धरून बसायचा आणि पॉज दाबायचा. चुकलं की मागे, परत पुढे, परत पॉज. व्हीसीआरवर पॉज दाबला की फीत थांबते, पण आतलं फिरणारं हेड काही थांबत नाही. ते त्याच तसूभर जागेवर घासत राहतं. दादाच्या चिकाटीपुढे ती तसूभर जागा झिजून गेली. ग्रूबरला इतक्या वेळा मारलं आम्ही, की शेवटी त्याचं मरणच पुसलं गेलं.

आई यात कधी बसली नाही. ती दारातून डोकावून विचारायची, "मेला का एकदाचा?" तसा आईच्या लेखी खलनायक पहिल्या सीनपासूनच 'मेला' असायचा. "हा मेला परत कशाला आला?" "मेल्याचं हसणं बघा कसं ते." जे शेवटी व्हायचं ते आई सुरुवातीलाच उरकून टाकायची. सिनेमावाल्यांना मात्र तेवढ्यासाठी दोन तास लागत, आणि ते दोन तास ते कसे घालवतात याचा मला नाद लागला तो कायमचा.

मारामारीचे सिनेमे बघण्यात जन्म घालवून माझं एक मत झालंय. खलनायक किती भयंकर रीतीने मेला हे आठवड्याभरात विसरायला होतं. स्फोटात उडालेले, पाठीत गोळी खाल्लेले, गाडीसकट दरीत गेलेले असे शेकड्यांनी पाहिलेत मी. त्यातल्या दहांचीही नावं सांगता येणार नाहीत. लक्षात राहतो तो, ज्याला कळतं. आपण मरतोय हे, कशामुळे मरतोय हे, आणि जमलं तर कुणामुळे हेही. ते कळण्याचा एखाद-दुसरा सेकंद असतो. दिग्दर्शकाने तो सेकंद आपल्याला दाखवला, तर तो माणूस आपल्या डोक्यात कायमचा मुक्कामाला येतो.

ग्रूबरचंच बघा. सिनेमा १९८८चा, दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन. ग्रूबर हा एका उंच इमारतीवर दरोडा घालायला आलेला हिशेबी माणूस. इमारतीतल्या तिजोरीची सहा कुलुपं त्याची माणसं फोडू शकतात, सातवं विजेच्या जोरावर बंद राहतं. ते कसं उघडणार याची चिंता त्याच्या साथीदाराला आहे, त्याला नाही. कारण ओलीसनाट्य झालं की सरकारी तपासयंत्रणा येणार, ती ठरल्या पद्धतीने इमारतीची वीज तोडणार आणि कुलूप आपसूक उघडणार, हे त्याने आधीच धरलेलं आहे. पोलिसांचं नियमपुस्तक हीच त्याची किल्ली. इतका घड्याळावर चालणारा माणूस शेवटी मरतो तो एका मनगटी घड्याळापायी. नायकाच्या बायकोला कंपनीने कामाची पावती म्हणून दिलेलं ते घड्याळ सिनेमाच्या सुरुवातीलाच एक आगाऊ सहकारी मिरवून दाखवतो, आणि आपण ते विसरून जातो. शेवटी ग्रूबर फुटक्या खिडकीतून बाहेर लोंबकळतोय, तिच्या मनगटाला धरून. त्याची बोटं घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेली, दुसऱ्या हातातलं पिस्तूल हळूहळू वर येतंय. नायक पट्ट्याचा खटका उघडतो. बस्स, तेवढंच. दोन तास गोळ्यांचा पाऊस पाडून शेवटी कामाला आलं काय, तर घड्याळाचा खटका.

त्या पडण्यामागची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अॅलन रिकमनचा हा पहिलाच सिनेमा. रंगभूमीवरून आलेला, चाळिशी ओलांडलेला नट. त्याला निळ्या पडद्यासमोर उंचावरून खालच्या हवेच्या गादीवर सोडायचं होतं. अमुक आकड्याला सोडू असं सांगितलं होतं आणि सोडलं त्याच्या आधीच. म्हणजे सगळ्या जगाच्या वेळा जुळवून बसलेल्या पात्राला पाडताना त्या नटाचीच वेळ चुकवली. चेहऱ्यावर जे उमटलं ते अभिनयाच्या खात्यात टाकता येत नाही म्हणतात. म्हणतात असं लिहिते, कारण आमच्या कॅसेटवर सगळ्यात जाड रेघ नेमकी तिथेच होती. मला वर्षानुवर्षं ग्रूबरचे फक्त हातपाय माहीत होते.

मराठीत मारण्याला दोन-तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कंसाचा वध होतो, खून होत नाही. कीचकाचा, बकासुराचाही वधच. मारणाऱ्याकडे हक्क आणि मरणाऱ्याच्या खात्यात हिशेब असल्याशिवाय हा शब्द येत नाही. मारामारीचा सिनेमा म्हणजे दोन तास चाललेली ही सिद्धता, की पुढे होणार आहे तो वध आहे. यातला आद्य पटकथाकार मी हिरण्यकश्यपूची गोष्ट रचणाऱ्याला मानते. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने तर नाहीच. किती बंदोबस्त! आणि मग तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर, नखांनी. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं की नखं लागायच्या आधी त्याने एकदा उंबरठ्याकडे पाहिलं असणार. मग आकाशाकडे. आणि मनातल्या मनात एकेक अट तपासून बघितली असणार.

'रोबोकॉप'चा (१९८७) शेवट या कुळातला. कंपनीतला वरिष्ठ अधिकारी डिक जोन्स याने यांत्रिक पोलिसाच्या डोक्यात गुपचूप एक चौथी आज्ञा भरून ठेवलेली असते: कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यावर कारवाई करता येणार नाही. हा त्याचा वर. शेवटी बैठकीच्या खोलीत तो म्हाताऱ्या मालकालाच ओलीस धरतो आणि रोबोकॉप समोर हतबल उभा. तेव्हा मालक गुन्हेगाराला जागच्या जागी नोकरीवरून काढून टाकतो! आता तो अधिकारी राहिला नाही. उंबरठा सापडला. पुढच्या क्षणी गोळ्या आणि जोन्स काचेतून बाहेर. पडतानाच्या त्या शॉटमध्ये बाहुली वापरली होती आणि तिचे हात शरीराच्या मानाने भलतेच लांब झालेत; दर वेळी मी हसते आणि दर वेळी त्या युक्तीला सलाम ठोकते. 'लेथल वेपन २'मधला (१९८९) राजनैतिक संरक्षणाचा कागद नाचवणारा खलनायक याचाच चुलतभाऊ, फक्त तिथे कुणी उंबरठा शोधायचे कष्ट घेत नाही. सरळ गोळी घालतात आणि वर टोमणा मारतात.

टोमण्यांबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. खलनायक मेला की नायकाने त्याच्या मरणावर कोटी करायची, ही पद्धत ऐंशीच्या दशकात बोकाळली. वाफेच्या नळाने भोसकलेल्या माणसाला वाफेवरून बोलायचं, 'स्पीड'मध्ये (१९९४) आगगाडीच्या टपावर डोकं उडालेल्याला डोक्यावरून. थिएटरात हशा पिकतो हे खरं. पण ज्याला ऐकवायचं तो तर गेलेला असतो. म्हणजे तो टोमणा आपल्यासाठी असतो. खलनायकाच्या वाट्याचा सेकंद नायक खाऊन टाकतो. कानाला खटकतं मला ते, पण दादाला हे टोमणे तोंडपाठ होते, तेव्हा घरात माझं कुणी ऐकून घेत नसे.

आता हे सगळे पडतातच का? उंच इमारत, कडा, धबधबा, पूल, विमान. खलनायकाला गुरुत्वाकर्षणाचं इतकं वावडं का? एक कारण स्वच्छ हातांचं आहे. नायकाने समोरच्याला निर्दयपणे मारणं प्रेक्षकाला बोचतं, म्हणून त्याला फक्त सोडायचं, किंवा त्याहून सोज्वळ म्हणजे वाचवायला हात द्यायचा. खलनायक तो हात धरतो, दुसऱ्या हाताने सुरा काढतो आणि स्वतःच्याच खोटेपणाच्या वजनाने खाली जातो. नायकाच्या माथी पाप नाही. लहान मुलांच्या कार्टूनपटांत तर हा जवळपास नियमच. १९३७च्या 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणीही कड्यावरूनच जाते. दुसरं कारण रक्ताचं. उंचावरून पडणाऱ्या माणसाचं रक्त दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला कात्री लावता येत नाही.

कात्रीवाल्यांनी खलनायकांचं भलं किती केलं आणि बुरं किती, हा मोठा विषय आहे. हॉलिवूडमध्ये १९३०च्या सुमारास एक आचारसंहिता आली, १९३४पासून ती कडक पाळली गेली आणि १९६८पर्यंत कशीबशी टिकली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, हा तिचा कणा. म्हणजे गुंडाने पडद्यावर काहीही करावं, शेवटी त्याने मरावं किंवा गजाआड जावं. यातून शेकडो मिळमिळीत शेवट निघाले, पण 'व्हाइट हीट'ही (१९४९) निघाला. जेम्स कॅग्नीचा कोडी जॅरेट, आईवेडा खुनी, गॅसच्या एका अजस्र गोल टाकीच्या माथ्यावर चढून बसलेला. अंगात गोळ्या घुसल्यात, हसतोय, आणि स्वतःच टाकीत गोळ्या झाडतो. ज्वाळा वर येतात तेव्हा तो मेलेल्या आईला ओरडून सांगतो, बघ, पोचलो मी जगाच्या शिखरावर. शिक्षा झाली, संहिता पाळली गेली, पण त्याच्या चेहऱ्यावर शिक्षा कुठे आहे? त्याला सगळं कळलंय आणि त्यातून त्याने भलताच अर्थ काढलाय. आईला दाखवलं असतं तर तिने 'मेला' हा शब्द मागे घेतला असता असं मला वाटतं.

आपल्याकडची कात्री आठवायची तर 'शोले' आलाच.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला लागला, आणीबाणी पुकारून दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पींनी जो शेवट चित्रित केला होता त्यात ठाकूर गब्बरला मारतो. हात नाहीत, म्हणून पायांनी; तळव्याला खिळे ठोकलेल्या जोड्यांनी. सेन्सॉरला ते चाललं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा असा पायाखाली घेतो, हे दाखवायचं नाही म्हणाले. संजीवकुमार तेव्हा सोव्हिएत रशियात होते, त्यांना परत बोलावून नवा शेवट उरकला: ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला घेऊन जातात. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिला तो हा शेवट.

माझी गंमत अशी की मी शपथेवर सांगितलं असतं, गब्बर मरतो. लहानपणी पाहिला तोच कापलेला 'शोले', पोलीसवाला. तरी माझ्या डोक्यात गब्बर मेलेलाच होता. पोलीस आले हे मी साफ विसरले होते. नंतर जेव्हा पुन्हा पाहिला तेव्हा पोलिसांच्या त्या माणसाला बघून मी चक्क म्हणाले, "हा कोण मध्येच?" इतक्या तयारीनंतर, त्या कापलेल्या हातांनंतर, वाऱ्याने उडालेल्या त्या शालीनंतर आणि खालच्या रिकाम्या बाह्यांनंतर, दिग्दर्शकाने वध दाखवला नाही तर प्रेक्षक तो स्वतः करून मोकळा होतो. मी केला होता.

मग मूळ शेवट पाहिला. जुन्या प्रतींमधून तो हिंडत होताच. सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२५च्या जूनमध्ये, तो जोडून दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात रीतसर दाखवली गेली. त्यात रामलाल जोड्यांना खिळे ठोकत बसतो ते दिसतं. हातोडीचा एकेक ठोका. मालकाला हात नाहीत म्हणून नोकराचे हात. आणि शेवटी गब्बर मेल्यावर ठाकूर जे करतो त्याची मी कल्पनाच केली नव्हती. तो रडतो. आपण टाळी वाजवायला हात उचललेले असतात आणि समोरचा माणूस कोसळून रडतोय. गब्बरला काय कळलं ते कळलं; पण त्या सेकंदाचा मोठा वाटा ठाकूरच्या पदरात पडला. सूडासाठी राखून ठेवलेला माणूस संपला, आता उद्यापासून काय? सेन्सॉरने कापला तो हिंसाचार, पण त्याबरोबर हे रडणंही गेलं. पोलीस आल्यावर ठाकूरला रडायचं कारणच उरलं नव्हतं.

खलनायक पुरता समजून घेऊन मरतो असा सगळ्यात अस्सल नमुना माझ्या मते सर्जिओ लिओनीच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधला (१९६८). घोड्यांचा सिनेमा, पण मारामारीचाच. हेन्री फोंडा आयुष्यभर सज्जन, सरळ माणसांची कामं करत आलेला. लिओनीने त्याला घेतलं लहान मुलाला गोळी घालणारा फ्रँक म्हणून. फोंडा बापडा खलनायक दिसावा म्हणून डोळ्यांत तपकिरी लेन्स घालून आणि मिशा वाढवून आला, तर लिओनीने दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे डोळेच हवे होते. का हवे होते ते शेवटी कळतं. हार्मोनिका वाजवणारा एक अनोळखी माणूस पूर्ण सिनेमाभर फ्रँकच्या मागावर आहे आणि फ्रँक विचारून थकलाय, तू कोण? तो सांगत नाही. शेवटी समोरासमोर गोळी चालते, फ्रँक पडतो आणि मरता मरता पुन्हा तेच विचारतो. तो माणूस गळ्यातली हार्मोनिका काढतो आणि त्याच्या दातांत खुपसतो. कधीकाळी फ्रँकने एका पोराच्या तोंडात ती अशीच कोंबली होती. त्या पोराच्या खांद्यावर त्याचा थोरला भाऊ उभा, भावाच्या गळ्यात फास. पोर डगमगलं की भाऊ लटकणार. आता फ्रँकच्या शेवटच्या श्वासांनी ती हार्मोनिका वाजते आणि त्या निळ्या डोळ्यांत ओळख येते. शब्द एकही नाही. मी हा सीन दादाबरोबर बसून पाहिला होता, थोरल्या भावाबरोबर, आणि त्या वेळी त्याने रिमोटला हात लावला नव्हता.

याच्या जवळ जाणारा एकच आठवतो, 'किल बिल'च्या दुसऱ्या भागातला (२००४) बिल. छातीवर बोटांनी पाच ठिकाणी मारायचं, मग माणूस पाच पावलं चालतो आणि हृदय फुटून पडतो, अशी ती कुंग-फूची दंतकथा. बिल आणि सूड घ्यायला आलेली नायिका खुर्चीत बसल्या बसल्याच लढतात आणि क्षणात ते होऊन जातं. मग चालतं बोलणं. गुरूने आपल्याला कधी न शिकवलेली विद्या हिला शिकवली, हे बिलला तेव्हा कळतं, आणि मला वाटतं मरणापेक्षा त्याला ते जास्त लागतं. तोंडावरचं रक्त पुसतो, कपडे सारखे करतो, उठतो, पावलं टाकतो. मी मोजली. प्रत्येक वेळी मोजते, जणू काही एखाद्या वेळी सहावं पडेल.

ज्यांना कळत नाही त्यांचीही काही मरणं राहतात, हे मान्य करायला हवं, नाहीतर माझं मत फारच सोयीचं होईल. 'टर्मिनेटर २'मधलं (१९९१) ते वितळणारं यंत्र वितळत्या पोलादात पडतं आणि मरताना आजवर घेतलेली सगळी रूपं एकामागून एक ओकत सुटतं. त्याला काय कळणार? ते तर यंत्र. पण त्या सिनेमात खरं मरण त्याचं नाहीच. त्यानंतर त्याच पोलादात साखळीला धरून उतरतो तो आधीच्या, १९८४च्या, सिनेमातल्या खलनायकासारखाच, पण या खेपेला चांगल्यांच्या बाजूचा यंत्रमानव. तोच नट, तोच चेहरा. पहिल्या खेपेला पत्रे दाबायच्या यंत्रात तो चेपला गेला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. सात वर्षांनी तोच चेहरा पोलादात बुडताना दादा पाणी प्यायला म्हणून उठला आणि बराच वेळ आला नाही.

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये (१९८१) एका खलनायकाचा चेहरा मेणासारखा ओघळतो, तेही आठवतंच सगळ्यांना. ख्रिस वॉलासने नटाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन कवटीवर रंगीत जिलेटिनचे थर चढवले होते, मग त्यावर उष्णता सोडली आणि कॅमेरा अगदी मंद चालवला, म्हणजे पडद्यावर ते भराभर वितळावं. कारागिरी थोर. पण माझ्या मते तिथली खरी मेख अशी की त्या वेळी नायक खांबाला बांधलेला आहे आणि त्याने डोळे गच्च मिटलेत. खलनायक मरतात ते बघितल्यामुळे. त्या दैवी पेटीत काय आहे हे जाणून घ्यायचा हव्यास होता, जाणलं. नायकाने वाचण्यासाठी केलं काय, तर न बघणं! आणि आपण मात्र बोटांच्या फटीतून बघतोय.

जॉर्ज मिलर हा दिग्दर्शक एका बाबतीत मला फार आवडतो. १९७९च्या 'मॅड मॅक्स'मध्ये त्याने ह्यू कीज-बर्न नावाच्या नटाला समोरून येणाऱ्या ट्रकवर घातलं, धडकेच्या क्षणी डोळे खोबणीतून बाहेर येतात, डोळ्याचं पातं लवलं की चुकलं. छत्तीस वर्षांनी, 'फ्युरी रोड'मध्ये (२०१५), त्याच नटाला पुन्हा खलनायक केलं, तोंडावर दातांचा मुखवटा चढवला आणि तो मुखवटा साखळीने चाकाला गुंतवून चेहऱ्यासकट उपटून काढला. या खेपेला मात्र त्याआधी नायिका फ्युरिओसा त्याच्या डोळ्यांत बघून विचारते, ओळखलंस का? छत्तीस वर्षांत मिलरलाही तेच सुचलं म्हणायचं: आधी कळू दे, मग चाक फिरू दे.

'गोल्डनआय'चं (१९९५) एक राहिलं. त्यातला खलनायक एका प्रचंड रेडिओ-दुर्बिणीच्या बशीत पडतो, पाठ मोडते, पण मरत नाही. उताणा पडून वर बघतो तर अख्खा अँटेना जळत त्याच्यावर येतोय. ती दुर्बीण खरी होती, पोर्तो रिकोमधली आरेसिबो, बशीचा व्यास ३०५ मीटर. १ डिसेंबर २०२० रोजी तिच्या डोक्यावर तारांनी टांगलेला ९०० टनांचा मचाण खरोखरच बशीत कोसळला. त्याची दृश्यं मी बातम्यांत पाहिली आणि पहिल्यांदा माझी नजर गेली ती बशीच्या मध्यभागी, तिथे कुणी उताणं पडलंय का ते बघायला. सुदैवाने कुणाला काही झालं नव्हतं. सिनेमाने डोकं असं खराब करून ठेवलंय.

मध्यंतरी दादाकडे गेले होते. त्याच्याकडे आता भिंतभर टीव्ही आहे, नाकावर चष्मा आहे आणि 'डाय हार्ड'ची नवी, लखलखीत प्रत आहे. लावला. दोघंही अधूनमधून फोनमध्ये. गोळीबार चालू, काचा फुटताहेत, अनवाणी नायक रक्ताळलेले पाय ओढतोय. मी सवयीने पडद्याच्या तळाकडे बघत होते, आता रेघा येतील म्हणून. आल्या नाहीत. त्यामुळे ग्रूबर खिडकीत कधी आला ते समजलंच नाही. एकदम लोंबकळताना दिसला, मनगटावरचा पट्टा, खटका, आणि दादाचा अंगठा आपोआप पडला.

पॉज.

चित्र दगडासारखं थांबलं. थरथर नाही, घरघर नाही. भिंतभर अॅलन रिकमनचा चेहरा, वर बघणारा. भुवया उंचावलेल्या, तोंड अर्धवट उघडं. ओरडायला उघडलेलं नव्हे. एखाद्याने ठरलेला शब्द मोडल्यावर आपण "अरे, पण—" म्हणतो, तसं. हात वर आलेले, बोटं पसरलेली, काहीतरी अजून हातात आहे असं त्यांना वाटतंय.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"इथे रेघा यायच्या ना गं?"

"हो. बरोब्बर इथेच."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "मेला का?"

"नाही अजून," दादा म्हणाला, आणि पॉज तसाच ठेवला.